यंत्र घेण्याआधी चूक मोजा
(उचगाव, ता. करवीर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या निमंत्रणात 'जीपीएस यंत्राची निवड' असा विषय छापलेला पाहून काही कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारले, हा विषय जिल्हा बैठकीत कशासाठी? ऊसदर, वीजबिल, पाणीपट्टी हे सगळे संपले की काय? संपलेले नाही, आणि लवकर संपेल असेही नाही. पण गेल्या दोन हंगामांत आम्ही ज्या ज्या गावी गेलो, तिथे सभा उठल्यावर चार-दोन माणसे आम्हाला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारतात. "साहेब, मोबाईलवर रान मोजलं. दोन गुंठं कमी भरतंय. शेजाऱ्यानं बांध कोरला असंल का?" काही जण तर याच्याही पुढे गेलेले असतात. त्यांनी यंत्र विकत आणलेले असते आणि त्या यंत्राच्या आकड्यावरून सख्ख्या भावांत बोलणे बंद झालेले असते. तेव्हा विषय यंत्राचा दिसला तरी मामला बांधाचा आहे. म्हणून तो इथे घेतला.

आज सकाळी इथल्याच एका रानात आपण काय केले ते सगळ्यांसाठी सांगतो. खोडवा मोडून नांगरट झालेले मोकळे रान. आपल्यातल्या पाच जणांनी आपापला मोबाईल हातात धरून बांधावरून एकेक फेरी मारली. पाच जणांचे पाच आकडे आले. एक पैलवान गडी हट्टाला पेटला, त्याने पुन्हा फेरी मारली. त्याचा दुसरा आकडा त्याच्याच पहिल्या आकड्याशी जुळेना. रान तेच, माणूस तोच, मोबाईल तोच, आणि मधल्या पंधरा मिनिटांत तिथला बांध कोणी कोरलेला नव्हता. सगळे आपल्या डोळ्यांदेखत झाले. हे कशामुळे होते ते समजले की कोणते यंत्र घ्यायचे हा प्रश्न निम्मा सुटतो.

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली यंत्रणा. तिचे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक घड्याळ असते, आणि तो सतत एवढेच सांगत असतो की मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे. आपल्या हातातले यंत्र तो संदेश ऐकते, यायला किती वेळ लागला ते पाहते आणि त्यावरून अंतर काढते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा कळायला हवी. पण आपल्या मोबाईलमधले घड्याळ स्वस्तातले, म्हणून त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. आता हिशेब करा. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची जरी गफलत झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. एवढ्या नाजूक मापात वरच्या हवेच्या थरांनी संदेशाला थोडा उशीर लावला, किंवा तो शेजारच्या पत्र्याच्या छपरावर आदळून फिरून आला, की चार-पाच मीटर गेलेच. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलची जागा सुमारे पाच मीटरच्या आत बरोबर असते, असे खुद्द अमेरिकेच्या सरकारी माहितीत दिले आहे. आंब्याखाली, नारळाच्या ओळीत किंवा पुरुषभर उंचीच्या ओल्या आडसालीच्या कडेने चालाल तर तेवढेही धरू नका. मोजायचे असेल तर तोड झाल्यावर, रान मोकळे असताना मोजावे.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. ही यंत्रणा १९९५ साली पूर्ण क्षमतेने चालू झाली, पण तुमच्या-आमच्यासारख्या साध्या वापराच्या संदेशात तिच्या मालकांनी मुद्दाम चूक मिसळून ठेवली होती. १०० मीटरपर्यंत जागा चुकायची. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २००० रोजी ती भेसळ बंद झाली. त्यानंतर जगभर मोटारीत, बोटीत, मोबाईलमध्ये जीपीएस शिरले. आता रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि आपल्या इस्रोची नाविक अशा यंत्रणाही आहेत. नाविकचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सुटला. दुकानदार 'जीपीएस' म्हणतो तेव्हा बहुधा यांतल्या अनेकांचे संदेश एकत्र ऐकणारे यंत्र दाखवत असतो. जास्त उपग्रह ऐकू आले तर चांगलेच, विशेषतः पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरकपारीत, जिथे निम्मे आकाश कड्याने झाकलेले असते. पण पाच देशांचे उपग्रह ऐकतो म्हणून मोबाईल पाचपट अचूक होत नाही.

आणखी एक गैरसमज काढून टाका. रेंज गेली की जीपीएस बंद पडते असे पुष्कळांना वाटते. जागा सांगायला इंटरनेट लागत नाही. पडद्यावरचा नकाशा उतरवून घ्यायला लागते, आणि सुरुवातीला उपग्रह लवकर सापडावेत म्हणून त्याची मदत होते, एवढेच.

आता फसगत कुठे होते ते बघा. मोबाईल अक्षांश-रेखांश दाखवतो तेव्हा दशांश चिन्हापुढे सहा-सात आकडे असतात. आपण उचगावात उभे आहोत, म्हणजे अक्षांश १६ च्या पुढे काहीतरी, रेखांश ७४ च्या पुढे काहीतरी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्या हिशेबाने दशांश चिन्हापुढचा पाचवा आकडा एक मीटरचा आणि सहावा अकरा सेंटीमीटरचा. मोबाईल सहावा आकडा छापतो खरा, पण त्याला चौथ्या-पाचव्या आकड्यापलीकडचे काहीच ठाऊक नसते. पुढचे आकडे तो भरून काढतो. गावच्या जत्रेतल्या वजनकाट्यावर कोणी तुमचे वजन ग्रॅममध्ये सांगितले तर जेवढा विश्वास ठेवाल तेवढाच याच्यावर ठेवा.

मग गुंठ्यांत ही चूक किती होते? आपल्याला गुंठ्यांतच कळते, म्हणून तसेच मांडतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. समजा चौकोनी रान आहे आणि तुमची फेरी चारही बाजूंनी फक्त एक मीटर बाहेरून पडली. दहा एकरांचे रान असेल तर क्षेत्र दोन टक्क्यांनी जास्त येईल. कोणी मनावरही घेणार नाही. एक एकराचे रान असेल तर सहा टक्क्यांनी, म्हणजे चाळीसचे साडेबेचाळीस गुंठे. आणि दहा गुंठ्यांचा तुकडा असेल तर तेरा टक्क्यांनी, म्हणजे सव्वाअकरा गुंठे. चूक तेवढीच, एक मीटर. रान जसे लहान तशी तिची टक्केवारी वाढत जाते. पंजाबात, विदर्भात मोठमोठ्या चकांवर जे यंत्र पुरते, ते आपल्या करवीर-हातकणंगल्यातल्या वाटण्या होऊन उरलेल्या तुकड्यांवर पुरत नाही, त्याचे कारण हे. जाहिरातीतला शेतकरी नेहमी मोठ्या रानात उभा असतो, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की दहा-पंधरा गुंठ्यांच्या आतल्या तुकड्याला जीपीएसच्या नादी लागू नका. पन्नास मीटरचा टेप घ्या. चार बाजू मोजा आणि एक कर्ण मोजा, म्हणजे रानाचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज करून निम्मी करा. त्या निम्म्यातून प्रत्येक बाजू वजा करा. निम्मे आणि ती तीन वजाबाक्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. ९०, १२० आणि १५० फुटांचा त्रिकोण असेल तर निम्मे १८०, वजाबाक्या ९०, ६० आणि ३०, आणि क्षेत्र ५४०० चौरस फूट, म्हणजे पाच गुंठ्यांना जरासे कमी. आठवी-नववीतल्या पोराला सांगितले तर मोबाईलच्याच गणकयंत्रावर करून देईल. यात सॅटेलाईट नाही म्हणून कोणी याला आधुनिक म्हणणार नाही, पण ते मोबाईलच्या फेरीपेक्षा खरे आहे.

आता यंत्रांकडे येऊ. कोणते यंत्र घ्यावे असे कोणी विचारले की आम्ही उलट विचारतो, यंत्र चुकले तर कोणाचे किती जाईल? त्याच्या उत्तरावर यंत्र ठरते.

ट्रॅक्टरवाल्याशी नांगरटीचा हिशेब करायचा आहे, एकरी दर ठरला आहे, आणि रान दोन-तीन एकरांचे आहे. इथे चुकले तर पन्नास-शंभर रुपये इकडे-तिकडे. हातातला मोबाईल बस झाला, वेगळे काही घ्यायचे नाही. फक्त फेरी मारत चालण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर मिनिट-दोन मिनिटे थांबून बिंदू नोंदवा, आणि ट्रॅक्टरवाल्यालाही सोबत फिरवा. दोघांनी मिळून मोजले की भांडण होत नाही. डोंगरउताराच्या रानात एक गोष्ट लक्षात घ्या. मोबाईल आडवे क्षेत्र सांगतो, जसे सात-बारावर असते; नांगर मात्र उतारावरून चालतो आणि ते जास्त भरते. वीस अंशांच्या उताराला सहा टक्के फरक पडतो. तिथे ट्रॅक्टरवाला कुरकुरला तर त्याचेही थोडे खरे असते.

माती परीक्षणालाही मोबाईल उत्तम. मृद् आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली आली तेव्हापासून नमुन्याच्या जागेची नोंद जीपीएसने करायचा नियम आहे. सरकारी नोंद कशी झाली असेल ते सोडा. तुम्ही स्वतः जिथून माती काढली तो बिंदू मोबाईलमध्ये ठेवा आणि तीन वर्षांनी पुन्हा तिथूनच काढा. नाहीतर एकदा पाटाच्या तोंडची माती आणि एकदा चोपणातली माती तपासून सेंद्रिय कर्ब वाढला की घटला याची चर्चा आपण करत बसतो. पाच मीटरची चूक इथे काहीच बिघडवत नाही. ई-पीक पाहणीचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर चालू झाली, त्यात पिकाच्या फोटोबरोबर जागा नोंदली जाते. घरी ओट्यावर बसून ती होत नाही, रानातच जावे लागते. फोटो काढण्याआधी दोन मिनिटे उघड्यावर उभे राहा, जागा स्थिर होऊ द्या, मग काढा. खिशातून मोबाईल काढल्या काढल्या दाबलेली नोंद शेजारच्या गटात जाऊन पडू शकते.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा उपयोग, ज्याविषयी दुकानदार कधी बोलत नाही. आपल्या जिल्ह्यात नदीवरून उचललेल्या पाण्याच्या पाइपलाइनी किती! सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या आहेत, भाऊबंदांनी मिळून टाकलेल्या आहेत, एकेकट्याच्या आहेत. जमिनीखालून मैल-दोन मैल गेलेल्या. व्हॉल्व्ह कुठे पुरला आहे, वळण कुठे आहे, कोणाच्या बांधाखालून गेली आहे, हे एका म्हाताऱ्या पाटकऱ्याला माहीत असते. तो गेला की उन्हाळ्यात गळती लागल्यावर चार ठिकाणी खणत बसायचे, आणि ज्याच्या उभ्या पिकात खणले त्याची नुकसानभरपाई वेगळी. तो म्हातारा हिंडता-फिरता आहे तोवर त्याला मोटारसायकलवर बसवून सगळ्या लाइनीवरून न्या. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी, सांध्यापाशी, वळणापाशी बिंदू नोंदवा, फोटो काढा, आणि वहीत दोन ओळी लिहा की विहिरीपासून किती पावले, कोणत्या झाडाच्या कोणत्या अंगाला. मोबाईल चार-पाच मीटरच्या आत नेऊन सोडतो, पुढचे काम वही करते. यासाठी एक पैसा खर्च नाही. संस्थेच्या पुढच्या सभेत ठराव करून घ्या.

बाजारात हातात धरायची खास यंत्रेही मिळतात, गार्मिनसारख्या कंपन्यांची, गिर्यारोहक आणि वनखाते वापरतात तशी. त्यांची बॅटरी टिकते, पावसात भिजली तरी चालतात, हातमोजे घालून बटण दाबता येते. एकाच जागी थांबून शेकडो नोंदींची सरासरी काढायची सोय असते, तिने चूक कमी होते, जात नाही. दिवसभर कड्याकपारीत हिंडणाऱ्याने जरूर घ्यावे. पाच एकरवाल्याने त्यात पैसे घालू नयेत असे आमचे मत आहे, कारण मीटरच्या चुकीतून ते बाहेर येत नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी त्यात 'डब्ल्यूजीएस ८४' हे माप निवडलेले आहे का ते बघावे. आपले जुने सरकारी नकाशे 'एव्हरेस्ट' नावाच्या वेगळ्या मापावर काढलेले आहेत. यंत्रात चुकून ते निवडलेले राहिले तर बिंदू एका रानातून उठून दुसऱ्या रानात जाऊन बसतो, आणि यंत्र बिघडले म्हणून माणूस दुकानात भांडायला जातो.

ट्रॅक्टर, ट्रॉली, दुधाच्या गाडीवर लावायच्या ट्रॅकरविषयी फार बोलत नाही. त्यात सिमकार्ड असते, म्हणजे दरमहा किंवा दरसाल भाडे आले. यंत्र स्वस्त, भाडे महाग असा मामला असतो. घेताना पाच वर्षांचा एकूण खर्च लिहून मागा.

फवारणीच्या ड्रोनचे मात्र ऐका, कारण इथे चूक दुसऱ्याच्या अंगावर पडते. उसातल्या रुंद पानांच्या तणावर २,४-डी मारतात. त्याचा नुसता फवारा वाऱ्याने शेजारच्या टोमॅटोवर, मिरचीवर, सोयाबीनवर, द्राक्षावर गेला तरी पाने आकसून पीक वाया जाते. साध्या जीपीएसवर उडणारा ड्रोन तीन मीटर सरकला तर वाऱ्याची वाटच बघायला नको. बांधाला बांध लागून वेगळे पीक असेल तिथे आरटीके असलेलाच ड्रोन बोलवा, आणि तणनाशक असेल तर कडेच्या काही सऱ्या हातपंपाने करा. उचगाव, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात विमानतळ अंगावरच आहे. तिथे विनापरवाना ड्रोन उडवणे गुन्हा होऊ शकतो. फवारणीवाल्याला परवानगीचा कागद दाखवायला सांगा.

आता हे आरटीके म्हणजे काय, आणि इथेच बांधाचा विषय येतो.

युक्ती साधी आहे. एक यंत्र पक्क्या, आधीपासून अचूक माहीत असलेल्या जागेवर कायमचे बसवायचे. त्याला स्वतःची खरी जागा माहीत असल्याने उपग्रहांचा संदेश या क्षणी किती चुकतो आहे ते कळते. ती चूक ते लगेच दुसऱ्या, हिंडत्या यंत्राला कळवते. हिंडते यंत्र तेवढी चूक वजा करते, आणि जागा मीटरऐवजी एक-दोन सेंटीमीटरपर्यंत बरोबर येते. हिंडत्या यंत्राला रोव्हर म्हणतात. काठीवर टोपी ठेवल्यासारखे दिसते, तुमच्यापैकी काहींनी मोजणीला आलेल्या भूकरमापकाच्या हातात पाहिले असेल. कायम बसवलेल्या यंत्रांचे जाळे सर्व्हे ऑफ इंडियाने उभारले आहे, त्याला कॉर्स म्हणतात. आपल्या राज्यात अशी ७७ केंद्रे आहेत. रोव्हरला त्यांच्याकडून दुरुस्ती मिळण्यासाठी मात्र मोबाईलची रेंज लागते. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की आमच्या शिवारात कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहिले आहे का? दुसरा प्रश्न, कॉर्सची नोंदणी करून देणार की तुमच्याच कंपनीची दुरुस्ती दरसाल विकत घ्यावी लागणार? तिसरा, बिघडले तर दुरुस्ती कोल्हापुरात की बंगळूरला? आणि चौथा, नोंदलेले बिंदू साध्या फाइलमध्ये काढून घेता येतात की तुमच्याच अ‍ॅपमध्ये अडकून राहतात? यातल्या एकाचेही उत्तर गोलमाल आले तर उठून या.

१५ फेब्रुवारी २०२१ पर्यंत नकाशे करणे, अचूक मोजमापे जमवणे यावर परवान्यांचे जंजाळ होते. त्या दिवशी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने भारतीय नागरिकांना आणि संस्थांना ते मोकळे केले. आपल्याच रानाचा अचूक नकाशा आपणच करायला इतकी वर्षे बंदी का होती, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. पण मोकळीक मिळाली हे चांगले झाले. तेव्हा रोव्हर घेणे बेकायदा नाही. प्रश्न असा, की एकट्या शेतकऱ्याने तो घ्यावा का?

आमचे उत्तर, घेऊ नये. बांधाच्या भांडणासाठी तर मुळीच नको.

कारण नीट ऐका. रोव्हर तुम्ही कुठे उभे आहात ते दोन सेंटीमीटरपर्यंत सांगतो. बांध कुठे असायला हवा, ते त्याला ठाऊक नसते. ते भूमी अभिलेखच्या कपाटात असते. आपल्या जमिनींची मूळ मोजणी शंकू आणि साखळीने झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, गुंठ्याचे माप तिथूनच आले. त्या मोजणीची टिपणे, गुणाकार पुस्तके, नंतरच्या फाळण्या हे तुमच्या हद्दीचे खरे कागद. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव सर्व्हे नंबर मोडून गट झाले. कुठे नकाशा एक आणि कब्जा दुसरा असे राहिले, कुठे सात-बाऱ्याचे क्षेत्र आणि नकाशाचे क्षेत्र जुळलेच नाही. ही गाठ कागदात पडलेली आहे. तिच्यावर सेंटीमीटरचे यंत्र आणून धरले तर गाठ सुटत नाही, फक्त जास्त स्पष्ट दिसते. महाभूनकाशावरचा गट उपग्रहाच्या चित्रावर ठेवून "बघा, रेघ तुमच्या विहिरीतून जाते" असे सांगणारी पोरेही गावोगाव झाली आहेत. कागदी नकाशा संगणकात चढवताना आणि चित्र जमिनीवर बसवताना दोन्हीकडे काही मीटर सरकलेले असू शकतात. त्या रेघेवर विश्वास ठेवून कुदळ उचलू नका.

आणि मीटरची किंमत काय? २०० मीटर लांब बांध एक मीटर सरकला तर २०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. हमरस्ता, गांधीनगरची बाजारपेठ आणि शहराची वाढ यांनी घेरलेल्या उचगावात दोन गुंठ्यांचा भाव काय, तो तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला माहीत आहे. इथे मोबाईलची पाच मीटरची चूक म्हणजे दहा गुंठ्यांचा खटला. तेवढ्यावरून फौजदारीपर्यंत गेलेली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

म्हणून बांधासाठी यंत्राचा खर्च वाचवा आणि हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. भूमी अभिलेखने आता रोव्हरने मोजणी सुरू केली आहे. अर्जाआधी टिपण, फाळणी, एकत्रीकरणाच्या नकाशाच्या नकला काढून स्वतः वाचा. लगतदारांना नोटिसा पोचल्या की नाही ते बघा. शेजारी हजर नसताना झालेली मोजणी पुढे भांडणालाच उपयोगी पडते. मोजणीच्या दिवशी प्रत्येक खूण कोणत्या आधारावर दाखवली ते भूकरमापकाला विचारा. खुणा दाखवल्या की दोघांनी मिळून त्याच दिवशी दगड पुरा. आणि हे विसरू नका, 'क' प्रत घेताना हद्दीच्या प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांशही मागा. रोव्हरने मोजले तर ते आकडे खात्याकडे असतातच, ते तुमच्याही घरी असले पाहिजेत.

का, ते चिखली, आंबेवाडी आणि शिरोळच्या मंडळींना सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगा-कृष्णाकाठचे बांध वाहून गेले, दगड गाळाखाली गेले. ज्याच्याकडे रोव्हरचे आकडे आहेत त्याचा दगड पुन्हा त्याच जागी बसवता येईल. ज्याच्याकडे आकडे नाहीत पण दगड अजून जागेवर आहे, त्याने आज मोबाईलने तरी बिंदू नोंदवून ठेवावा. कुठे खणायचे ते मोबाईल सांगेल. कुठे रोवायचे ते मात्र त्याला विचारू नका.

गावाने मिळून रोव्हर घ्यावा का, असे मघाशी एका ताईंनी विचारले. लाखांतली वस्तू आहे. पाणीपुरवठा संस्थेला नवी लाइन टाकायची असेल, रानाचे सपाटीकरण, चर, निचऱ्याची कामे ओळीने करायची असतील तर उंचीही अचूक कळत असल्याने तिचा खरा उपयोग आहे. निचऱ्याची नळी चोपणात टाकताना उतार दोन-चार सेंटीमीटरने उलटा पडला तर सगळा खर्च पाण्यात. अशा कामाला आधी दिवसाच्या भाड्याने माणसासकट मागवा. वर्षात पंधरा-वीस दिवस भाडे भरावे लागू लागले, तर मग संस्थेच्या नावावर घेण्याचा विचार करा, आणि चालवायला गावातल्याच दोन मुली-मुलांना शिकवा. एकाच्या घरी ठेवलेले यंत्र वर्षभराने त्याच्याच मालकीचे होते, म्हणून नोंदवही संस्थेत ठेवा.

ज्यांना कोपऱ्यावर थांबून बिंदू नोंदवण्याची रीत शिकायची आहे त्यांनी जेवणानंतर सकाळच्याच रानात यावे. टेप आमच्याकडे आहे. मोबाईल चार्ज करून आणा, आणि शक्य असेल त्यांनी आपल्या शेजारच्या बांधकऱ्यालाही सोबत घेऊन या.